पडद्यापलीकडचा डॉक्टर

दूरवैद्यक, म्हणजे दूरसंचाराच्या साधनांनी अंतरावरून दिलेला वैद्यकीय सल्ला, भारतात २५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी नियमबद्ध झाले. ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेत उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरशी त्याची दृक्‌श्राव्य गाठ घालून देतो. जळगावच्या चोपडा-यावल किंवा धुळ्याच्या शिरपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पाड्यावरून जिल्ह्याचे ठिकाण गाठायचे तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून रक्तदाब, मधुमेह अशा दीर्घकालीन आजारांच्या फेरतपासणीत या सेवेचा लाभ उघड आहे. पोट दाबून पाहणे मात्र पडद्यावरून साधत नाही. शिवाय पावरी ही तिथली आदिवासी बोली बोलणाऱ्या रुग्णाचे दुखणे मराठीत उतरवणारा जाणता माणूस शेजारी नसेल, तर उत्तम जोडणीही मुकीच राहते. नियमाचीही एक मर्यादा आहे: मार्गदर्शक सूचनांनुसार अंमली औषधे दूरवैद्यकाच्या मार्गाने लिहून देण्यास मनाई आहे.