हिरड्याची वही

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत हिरडा होतो. आपल्या घरीं हिरडा येतो तो बहुधा त्रिफळा चूर्णांतून. झाड राखून वेंचलेला हिरडा आणि फांद्या तोडून आणलेला हिरडा व्यापाऱ्याच्या एकाच पोत्यांत पडले, कीं पुढें कोणासहि ते निराळे ओळखतां येत नाहींत.

त्यावर ‘ब्लॉकचेन’ हा उपाय सुचविला जातो. ही एक वहीच. मात्र तिच्या प्रती व्यवहारांतील अनेकांपाशीं असतात, आणि प्रत्येक पानावर मागल्या पानाच्या मजकुरावरून गणितानें काढलेली खूण असते. मागचा एक आंकडा फिरविला, तरी पुढील खुणा जुळत नाहींत. २००८ सालीं बिटकॉइनच्या आराखड्यांत ही युक्ति चलनासाठीं योजिली गेली. मालाचा माग ठेवण्याकडे ती मागाहून वळली.

परंतु वही कांहीं रानांत जाऊन पाहात नाहीं. कांट्यापाशीं तोडीचा माल ‘राखणीचा’ म्हणून लिहिला, तर ती लबाडीच पक्की होऊन बसते. म्हणून पहिली नोंद कोणी करावी, हाच खरा प्रश्न. २००६ च्या वनहक्क कायद्यानें रानांत राहणारांना गौण वनोपजाची मालकी व सामूहिक रान राखण्याचा हक्क दिला आहे. तेव्हां पहिली सही दलालाची नसून ग्रामसभेची असावी, असें मला वाटतें. आणि वजनाशेजारीं वेंचणारीच्या हातीं पडलेला दरहि त्याच पानावर लिहिला जावा.