सुंतेची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे दिवस

बंगळूर शहराच्या पूर्व भागातील इंदिरानगर ही वसाहत १९७० च्या दशकात आकाराला आली. तेथे सर सी. व्ही. रामन यांच्या नावाचे सरकारी रुग्णालय आहे, खाजगी रुग्णालयेही आहेत. आणि घरापासून दूर, भाड्याच्या खोलीत राहून नोकरी करणारे अनेक तरुणही आहेत. अशा तरुणाला घट्ट अग्रत्वचेसाठी सुंता करून घ्यावी लागली, तर तो सकाळी रुग्णालयात जातो आणि बहुधा त्याच दिवशी सायंकाळी परततो. शस्त्रक्रिया अर्ध्यापाऊण तासाची असते. परंतु जखम भरून येण्याचे सारे कार्य त्यानंतर खोलीच्या चार भिंतींआड घडते. तेथे विचारावयास कोणी नसते, आणि असले तरी संकोच आड येतो. म्हणून स्वाभाविक काय व धोक्याचे काय, हे आधीच जाणून घेणे इष्ट होय.

शिश्नाच्या टोकाला शिश्नमणी म्हणतात व त्यास झाकणारी त्वचा ती अग्रत्वचा. बालपणी ती मण्याला चिकटलेली असते आणि मागे सरकत नाही. हा रोग नव्हे. वयाबरोबर ती आपोआप मोकळी होते, हे ब्रिटिश वैद्यक डग्लस गेर्डनर यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवून दिले. प्रौढपणी मात्र वारंवार होणारा दाह, मधुमेह किंवा त्वचा पांढरी व कठीण करणारा एक विकार यांमुळे ती आकसते. ही व्याधी प्राचीन काळापासून ज्ञात आहे. सुश्रुतसंहितेत तिला ‘निरुद्धप्रकश’ असे नाव असून, तुपाने माखलेली नळी आत घालावी आणि दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी वापरावी, असा उपचार सांगितला आहे. त्वचा हळूहळू सैल करण्याचा विचार आजही मान्य आहे. त्यासाठी प्रथम काही आठवडे स्टिरॉइडयुक्त मलम लावण्यास देतात. त्याने गुण न आल्यास, किंवा त्वचेवर कठीण वण तयार झाले असल्यास, शस्त्रक्रियेचा मार्ग उरतो. तत्पूर्वी रक्तातील साखर तपासणे हिताचे असते, कारण कित्येकदा घट्ट झालेली अग्रत्वचा हीच मधुमेहाची पहिली खूण ठरते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास तेही वैद्यास सांगितले पाहिजे.

पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज वाढते व त्वचा काळीनिळी दिसते. साध्या वेदनाशामक गोळ्यांनी दुखणे आटोक्यात राहते. पट्टी साधारणतः एकदोन दिवसांनी काढतात. ती चिकटली असल्यास ओढू नये, कोमट पाण्याने भिजवून सोडवावी. पुढे रोज स्नान करून जखम हलकेच टिपून कोरडी करावी. व्हॅसलिनचा पातळ थर दिल्यास ती कपड्याला चिकटत नाही. लघवीचा स्पर्श झाल्यास किंचित चुरचुरते. त्यापासून अपाय नसतो. रात्री झोपेत येणाऱ्या ताठरतेमुळे टाके ताणले जाऊन वेदना होतात. अशा वेळी उठून लघवी करावी व थोडे चालावे.

पहिल्या आठवड्यात मण्यावर पिवळसर पापुद्रा धरतो. तो पू समजून अनेक रुग्ण घाबरतात. वस्तुतः तो जखम भरत असल्याचे लक्षण असतो व खरवडून काढावयाचा नसतो. टाके दोन-तीन आठवड्यांत विरघळून गळतात. बैठे काम आठवड्याभरात सुरू करता येते. शहरात दुचाकीवरून प्रवास करणाऱ्याने मात्र दोन ते चार आठवडे धीर धरावा. समागम व हस्तमैथुन चार ते सहा आठवडे टाळावे. उघड्या पडलेल्या मण्याची हुळहुळ काही आठवड्यांत ओसरते. थोडी सूज मात्र त्याहून अधिक काळ रेंगाळू शकते.

उपद्रवांपैकी रक्तस्राव हा प्रमुख असून तो बहुधा पहिल्या दिवशीच होतो. पट्टीवर रक्ताचे चारदोन डाग दिसणे चिंतेचे नाही. पण रक्त वाहू लागल्यास स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे, आणि तरीही ते न थांबल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. ताप, पसरत जाणारी लाली, दुर्गंधी व वाढत्या वेदना ही जंतुसंसर्गाची चिन्हे होत. मधुमेही रुग्णात हा संसर्ग क्वचित अतिशय वेगाने पसरून जिवावर बेततो. म्हणून त्याने तासभरही वाट पाहू नये. लघवी मुळीच न होणे, टाके उसवून जखम उघडी पडणे, टोक काळे पडणे, याही तातडीच्या बाबी होत. काही महिन्यांनी लघवीची धार बारीक होऊ लागली, तर मूत्रद्वार आकसले असण्याचा संभव असतो. त्वचा कमी-अधिक कापली जाणे, वण जाड होणे किंवा संवेदनेत फरक पडणे असे उशिराचे दोषही कधीकधी आढळतात. कापलेली त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतल्यास मूळ विकाराचा, आणि विरळा कर्करोगाचाही, वेळीच उलगडा होतो.

बहुसंख्य रुग्ण कोणत्याही उपद्रवाविना बरे होतात. ज्यांना त्रास होतो त्यांचे अधिक नुकसान अनेकदा लाजेपोटी गमावलेल्या वेळामुळे होते. पिवळ्या पापुद्र्याची भीती बाळगणारा आणि वाहते रक्त लपविणारा, हे दोघेही एकाच अज्ञानाचे बळी असतात. शरीराच्या इतर जखमांविषयी जितक्या मोकळेपणाने वैद्याशी बोलले जाते, तितक्याच मोकळेपणाने हिच्याविषयीही बोलले गेले, तर यांपैकी बरेचसे दुःख टळेल.