बिनधन्याचीं कुत्रीं-मांजरें

जव्हारचा किंवा मोखाड्याचा बाजार उठला, मटणाच्या दुकानांच्या फळ्या लागल्या, म्हणजे रस्त्यावर जीं कुत्रीं उरतात त्यांना आपण सरसकट बेवारशी म्हणतों; आणि तेथून चार कोसांवरच्या एखाद्या पाड्यांत चुलीच्या राखेंत निजलेल्या कुत्र्यालाहि, त्याच्या गळ्यांत पट्टा नाहीं एवढ्यावरून, तोच शब्द लावतों. श्रोतेहो, पहिला घोटाळा येथेंच होतो. पाड्यावरचें कुत्रें बेवारशी नसतें. त्याला नांव असतें, घर असतें. रात्रीं बिबट्याची चाहूल लागली तर प्रथम तेंच भुंकतें, आणि घरचें सात वर्षांचें पोर त्याला मानेला धरून ओढीत आणूं शकतें. बाजारपेठेंतलें कुत्रें सबंध आळीचें असतें, म्हणजे कोणा एकाचें नसतें. पहिल्याला हातानें धरतां येतें, दुसऱ्याला जाळें लागतें. भेद लहान दिसतो. पण आज मला जें सांगावयाचें आहे त्याचा पुष्कळसा भार ह्याच भेदावर आहे.

प्रश्न नुसत्या दयेचा असता तर तो मी कीर्तनकारांच्या हवालीं करून स्वस्थ बसलों असतों. दत्ताच्या पायांशीं चार कुत्रीं बसविणाऱ्या, आणि भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणाऱ्या नामदेवाची गोष्ट आवडीनें ऐकणाऱ्या आपल्या समाजाला दया निराळी शिकवावी असें नाहीं. परंतु कुत्र्याच्या पाठोपाठ पिसाळरोग येतो, ज्याला आज खेड्यांतहि रेबीज ह्याच नांवानें ओळखतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें ह्या रोगानें जगांत दरवर्षीं सुमारें ५९,००० माणसें मरतात. त्यांपैकीं तिसऱ्या हिश्श्याहून अधिक एकट्या भारतांत, आणि मरणाऱ्यांत पंधरा वर्षांखालील मुलांचें प्रमाण मोठें. लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं ह्या रोगांतून माणूस वांचल्याचीं उदाहरणें बोटांवर मोजण्याइतकीं आहेत.

शाळेंत इतकीं वर्षें घालविल्यामुळें मुलांचा एक स्वभाव मला ठाऊक आहे. पिल्लांशीं खेळतांना कुत्री चावली तर पोर घरीं सांगत नाहीं. कारण पिल्लांना हात लावूं नकोस म्हणून त्याला आधींच बजावलेलें असतें. सांगितलें तरी जखमेवर चुना, हळद किंवा मिरचीची पूड भरण्यांत पहिला दिवस जातो. जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें निदान पंधरा मिनिटें धुणें, हा पहिला व अत्यंत मोलाचा उपाय कोणत्याहि पाड्यावर होऊं शकतो. त्यानंतर लस. सरकारी रुग्णालयांत ती विनामूल्य असते. त्वचेच्या थरांत देण्याच्या पद्धतींत पहिल्या सुईचा दिवस शून्य धरून पुढें ३ रा, ७ वा आणि २८ वा असे दिवस पाळावे लागतात, आणि जखम खोल असल्यास तिच्यांत निराळें औषधहि टोंचावें लागतें. जव्हारास पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्यास ग्रामीण रुग्णालय आहे. पण दूरच्या पाड्यावरून तेथें चार खेपा म्हणजे बापाची चार दिवसांची मजुरी. तिसरी सुई कां चुकली, असें विचारणाऱ्यानें हा हिशेब आधीं करावा.

तेव्हां कुत्रीं मारून टाकावीं, असें म्हणणारा प्रत्येक गांवीं असतो. हा उपाय नवा नाहीं. कंपनी सरकारच्या अमदानींत मुंबईंत उन्हाळ्यांत भटकीं कुत्रीं मारण्याची मोहीम निघे, आणि मारणाऱ्यांस दर कुत्र्यामागें बक्षीस मिळे. १८३२ च्या जून महिन्यांत ह्या मोहिमेनें पारशी लोक खवळले. घराजवळचीं, ओळखीचीं कुत्रीं शिपाई मारूं लागले म्हणून दंगा झाला, दुकानें बंद पडलीं आणि लष्कर बोलवावें लागलें. पुढें साधनें बदललीं, पण मारण्याची रीत चालूच राहिली. स्वातंत्र्यानंतरहि मुंबई महानगरपालिका कुत्र्यांना विजेचा धक्का देऊन मारीत असे. ती पद्धत १९९४ साली थांबली. दीडशें वर्षांहून अधिक काळ मारून मुंबईंतलीं कुत्रीं संपलीं नाहींत, ह्यावरून त्या उपायाची किंमत ठरवावी.

तीं कां संपलीं नाहींत, हें समजण्यासारखें आहे. कुत्री बहुधा वर्षांतून दोनदां विते, गर्भ सुमारें त्रेसष्ट दिवस राहतो, आणि एका वेतांत चार-सहा पिल्लें होतात. ह्यावरून कांहीं उत्साही मंडळी भूमितिश्रेढी मांडून एका जोडीपासून सहा वर्षांत सदुसष्ट हजार कुत्रीं निर्माण करून दाखवितात. श्रेढीचीं गणितें मींहि पुष्कळ सोडविलीं आहेत. हें गणित फळ्यावर बरोबर आणि अंगणांत चूक आहे. रस्त्यावर जन्मलेलीं पुष्कळशीं पिल्लें वर्ष भरण्यापूर्वींच उपासानें, रोगानें किंवा गाडीखालीं मरतात. गांवांत कुत्रीं किती राहावीं हें उकिरड्यावर, खाटकाच्या दारीं आणि खिचडीच्या चुलीमागें अन्न किती पडतें ह्यावर बव्हंशीं ठरतें. निम्मीं कुत्रीं मारलीं म्हणजे उरलेल्या निम्म्यांना दुप्पट अन्न मिळतें, एरव्हीं मेलीं असतीं तीं पिल्लें जगतात, आणि शेजारच्या गांवचीं अनोळखी, लस न टोंचलेलीं कुत्रीं रिकाम्या जागेंत शिरतात. शिवाय मारणाऱ्याच्या हातीं प्रथम लागतें तें माणसाळलेलें, विश्वासानें जवळ येणारें कुत्रें. बुजरें व चावरें निसटून जातें.

ह्यावरचा दुसरा मार्ग आपल्याच देशांत पुष्कळ आधीं निघाला. मद्रासेंत कॅप्टन व्ही. सुंदरम् यांनीं १९५९ साली स्थापन केलेल्या ब्लू क्रॉस संस्थेनें १९६४ पासून रस्त्यावरचीं कुत्रीं धरून, त्यांचें निर्बीजीकरण करून, जेथून आणलीं तेथेंच सोडण्यास आरंभ केला. तेथील महापालिकेला तें पटावयास १९९६ साल उजाडावें लागलें. मुंबईंत १९८५ पासून दि वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज ही संस्था हेंच काम करीत आहे. तिचे स्वयंसेवक रस्त्यावरच जखमी कुत्र्यांची मलमपट्टी करतात आणि गांवठी पिल्लांना घरेंहि मिळवून देतात. १९९८ साली मुंबई उच्च न्यायालयानें ह्या मार्गास मान्यता दिली, २००१ साली केंद्र सरकारनें नियम केले, आणि २०२३ साली त्यांच्या जागीं नवे नियम आले. आतां हें काम स्थानिक संस्थांचें, म्हणजे जव्हारास नगरपरिषदेचें, मोखाड्यास नगरपंचायतीचें आणि खेड्यापाड्यांत ग्रामपंचायतीचें कर्तव्य ठरलें आहे.

ही शस्त्रक्रिया म्हणजे कोणी हौशी मनुष्यानें करावयाची चिरफाड नव्हे. कुत्रीला भूल देऊन पोट उघडून अंडाशय व गर्भाशय काढतात. कुत्र्याचे वृषण काढतात, तें त्या मानानें सोपें. आदल्या रात्रीपासून जनावर उपाशी ठेवावें लागतें, नंतर निदान चार दिवस स्वच्छ, कोरड्या जागीं निराळें ठेवून जखम पाहावी लागते. भुलेंत असतांनाच कानाला लहान खांच पाडतात. ती खांच म्हणजे ह्या कुत्र्याचा दाखला होय: ह्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, ह्याला पुनः धरूं नका. पावसाळ्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडणाऱ्या ह्या मुलुखांत एका दिवसाचें शिबिर भरवून संध्याकाळीं ओल्या जखमेनिशीं कुत्रीं सोडून देणें हें मारण्याहून फारसें निराळें नाहीं. मान्यताप्राप्त संस्था, शल्यक्रिया जाणणारा पशुवैद्य, पिंजरे आणि गाडी मिळत नसेल तोंवर शस्त्रक्रियेला हात घालूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

मग तोंवर हात बांधून बसावें काय? येथेंच पाड्यावरच्या कुत्र्याचा भेद उपयोगी पडतो. लशीला भूल लागत नाहीं, पिंजरा लागत नाहीं; धन्यानें कुत्रें धरावें आणि पशुवैद्यकाच्या माणसानें सुई टोंचावी. एक पिसाळलेलें कुत्रें मरण्यापूर्वीं सरासरीनें एका-दोघांनाच रोग देतें. म्हणून प्रत्येक कुत्र्याला लस पोंचली नाहीं तरी चालतें. शेंकडा सत्तर कुत्र्यांना टोंचली म्हणजे रोगाची सांखळी तुटते. वीस कुत्र्यांच्या पाड्यांत चौदा. हें चौदांचें काम एका सकाळचें आहे. गोव्यांत सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनीं मिळून हेंच केलें. घरोघर जाऊन हातानें, आणि रस्त्यावर जाळ्यानें धरून, वर्षाला सुमारें ९५,००० कुत्र्यांना लस टोंचण्यापर्यंत त्यांनीं मजल मारली. २०१३ ते २०१९ ह्या काळाचा जो वृत्तान्त २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें कुत्र्यांतील रोग शेंकडा ९२ नें घटला आणि माणसांचे मृत्यु थांबले. गोव्याचे रस्ते व पैसा आपल्याकडे नाहीं हें खरें; पण त्यांना जाळ्यानें धरावीं लागलीं तशीं कुत्रीं आपल्याकडे मुख्यतः दोन गांवांच्या पेठांत आहेत.

लस व निर्बीजीकरण ह्यांचा संबंध मात्र विसरूं नये. जेथें कुत्रीं भराभर जन्मतात व भराभर मरतात, तेथें यंदा टोंचलेलीं सत्तर पुढल्या वर्षीं चाळीसांवर येतात, कारण नवीन पिल्लांना लस नसते. पैदास मंदावली तर तीच लस अधिक काळ पुरते. आणि साधनें थोडीं असतील तर आधीं माद्या घ्याव्या. दहा कुत्र्यांपैकीं नऊ नर खच्ची केले तरी उरलेला एक गांवभर पुरतो.

काळहि नेमका साधावा लागतो. दिवाळी झाली कीं येथील कुटुंबेंच्या कुटुंबें वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. झोंपडीला कडी लागते, आणि काल ज्याला धनी होता तें कुत्रें आज खरोखरीच बिनधन्याचें होतें. उपासानें पेठेकडे किंवा आश्रमशाळेच्या मुदपाकखान्याकडे वळतें आणि बुजरें बनतें. म्हणून गणपति गेल्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस लशीचे. पाऊस ओसरलेला असतो, भात अजून शेतांत उभें असतें आणि माणसें घरीं असतात.

आतां पिल्लांविषयीं. आपल्याकडे पिल्लूं मागावयास येणारा 'नर आहे काय?' म्हणूनच विचारतो. माद्या मागें राहतात, आणि एके दिवशीं पोत्यांत घालून दुसऱ्या गांवच्या बाजारांत सोडल्या जातात. त्याच पुढें त्या बाजारांत वितात. ज्या स्वयंसेवकांनीं पिल्लांना घर शोधण्याचें काम पत्करलें आहे, त्यांचा खरा प्रश्न हा आहे; आणि त्याला उत्तर उपदेशाचें नाहीं. 'ही मोठी झाली कीं तिची शस्त्रक्रिया आम्ही करवून देऊं' एवढी हमी दिली आणि ती पाळली, तर मादी नेण्यास माणसें तयार होतात. राखणीला ती नराहून कमी नसते, आणि शस्त्रक्रिया झालेली मादी घर सोडून भटकत नाहीं. पिल्लूं दोन महिन्यांचें होण्यापूर्वीं आईपासून तोडूं नये, आणि तीन महिन्यांचें होतांच त्याला पिसाळरोगाची लस टोंचावी.

मांजरांचें थोडक्यांत सांगतों. नाचणी, वरई आणि भाताच्या कणग्या असलेल्या घराला मांजर ओझें होत नाहीं, म्हणून मांजराला घर मिळणें कुत्र्याहून सोपें. धरणें मात्र अवघड. जाळें त्याच्यावर चालत नाहीं, सुकट ठेवलेला सांपळ्याचा पिंजरा लावून वाट पाहावी लागते. मांजर ओरखडलें तरी जखम धुवावी. चावलें तर कुत्र्याइतकेंच गंभीर समजावें.

पेठेंतल्या कुत्र्यांचा प्रश्न अलीकडे न्यायालयानें अधिक निकडीचा केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्बीजीकरण व लस झालेलीं कुत्रीं, पिसाळलेलीं व आक्रमक वगळून, मूळ जागीं सोडावीं असें सांगितलें. आणि ७ नोव्हेंबर २०२५ रोजीं शाळा, रुग्णालयें, बसस्थानकें व रेल्वेस्थानकें यांच्या आवारांतील कुत्रीं उचलून आश्रयगृहांत ठेवावीं, परत तेथें सोडूं नयेत, असा आदेश दिला. आश्रयगृह म्हणजे रोजचें अन्न, रोजची सफाई आणि वर्षानुवर्षांचा खर्च. लहान नगरपरिषदेनें तें बांधण्यापूर्वीं आवारांतलें अन्न बंद करणें स्वस्त पडेल: खरकट्याला झांकणाचें पिंप, खाटकाच्या टाकाऊ मालाला खड्डा, शाळेला कुंपण.

ह्या उघड्या अन्नाचा आणखी एक पाहुणा आहे. सह्याद्रीपलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोलें भागांत विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला, तेव्हां वजनाच्या हिशेबानें शेंकडा ८७ आहार पाळीव जनावरांचा, आणि त्यांत एकट्या कुत्र्यांचा वांटा ३९ निघाला. उकिरड्यावर कुत्रीं जमविणें म्हणजे बिबट्याला घराशीं पान वाढून ठेवणें.

आरंभ कोणीं व कशानें करावा, असें मला विचारतात. माझ्या मतें शंभर पानी वहीनें. पाड्याचें नांव, घर, कुत्र्याचा रंग, नर कीं मादी, कानाला खांच आहे कीं नाहीं, लस कोणत्या तारखेस टोंचली, इतके रकाने सातवीची मुलेंहि नीट भरतील. त्यांत जीं घरें दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात, त्यांच्यासाठीं आणखी एक रकाना आंखावा: तीं परत येईपर्यंत कुत्र्याला भाकरी घालण्याचें कोणत्या शेजाऱ्यानें कबूल केलें आहे, त्याचें नांव.