ब्लोअर बंद, काच धूसर!

भर पावसात घाट चढताना समोरची काच आतून धूसर होते. चालक एका हाताने स्टिअरिंग सांभाळत दुसऱ्या हाताने फडके फिरवतो. जुन्या गाडीत असे वारंवार होत असेल, तर आधी ब्लोअर तपासावा.

आपला उच्छ्वास उबदार आणि बाष्पाने भरलेला असतो. ओल्या छत्र्या नि कपड्यांचे बाष्प त्यात मिसळते. पावसाने थंड झालेल्या काचेचे तापमान दवबिंदूखाली गेले, की त्या बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. त्यांवर प्रकाश विखुरतो आणि समोरच्या गाडीचे दिवे फाकलेले दिसतात. ब्लोअर काचेवर गरम किंवा एसीने कोरडी केलेली हवा सोडतो. तोच थांबला, तर हीटर आणि एसी असूनही उपयोग नाही.

पंखा फक्त सर्वांत जास्त वेगावर फिरत असेल, तर मोटर बहुधा ठीक असते. रेझिस्टर जळालेला असतो. मुळीच फिरत नसेल, तर प्रथम फ्यूज पाहावा. फ्यूज शाबूत असून मोटरपर्यंत १२ व्होल्ट पोहोचत असतील, तर मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात. फ्यूज पुनःपुन्हा उडतो म्हणून जास्त अँपिअरचा कधीही बसवू नये. वायर तापून आग लागू शकते.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ब्लोअर डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॅटरीची ऋण तार काढावी, मोटरचा कनेक्टर सोडवावा, स्क्रू काढून पंखा खाली घ्यावा. कनेक्टर वितळलेला असेल, तर तोही बदलावा. नवा पंखा त्याच मापाचा आणि त्याच दिशेने फिरणारा हवा. तारा उलट जोडल्या तर तो उलटा फिरतो, वारा येतो पण क्षीण. मग नवा भाग खराब निघाला असे वाटते. स्क्रू आवळण्यापूर्वी पाती हाताने फिरवून कुठे घासत नाहीत ना, हे पाहावे. एअरबॅग असलेल्या गाडीत हे काम मेकॅनिककडेच द्यावे.

आरोग्याचा मुद्दा इथेच येतो. पंख्याच्या घरात पाने, धूळ, बुरशी, कधी उंदराचे घरटेही सापडते. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो. म्हणून हातमोजे आणि मास्क घालावा. कोरडा झाडू न मारता जंतुनाशकाने ओले करून घाण पुसून घ्यावी. दमा असलेल्यांनी हे काम टाळलेले बरे. नवा पंखा बसवूनही गोडसर वास आणि काचेवर तेलकट थर येत असेल, तर हीटर कोअरमधून कूलंट गळत असण्याची शक्यता आहे. ते विषारी असते. दुरुस्ती लांबवू नये.

पंखा बसवल्यावर हवा आतल्या आत फिरवणारे बटण बंद ठेवून बाहेरची हवा घ्यावी. काच काही मिनिटांत निवळते. घाट चढण्याआधी ही चाचणी घरासमोरच करावी.