टपालपेटीतले भगदाड

तळवड्यातले लहान कारखानदार आता दरपत्रके ईमेलनेच धाडतात. भाड्याच्या सर्व्हरवर त्यासाठी ‘राउंडक्यूब’ हे मोफत वेबमेल सर्रास आढळते. १ जून २०२५ रोजी त्याची १.६.११ ही दुरुस्त आवृत्ती निघाली. कारण त्यात १० वर्षे एक भगदाड दडून होते! ब्राउझरच्या पत्त्यातून आलेला मजकूर न तपासताच स्वीकारला जाई. त्यामुळे एकाच खात्याचा परवलीचा शब्द मिळवलेला चोर थेट सर्व्हरवर हुकूम चालवू शके. एका बिऱ्हाडाची किल्ली चोरून अख्खी चाळ लुटावी, तसेच हे! दुरुस्ती ज्याने बसवली नाही, त्याचे दार आजही सताड उघडे. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. पण मुद्रिते तपासल्यावाचून मजकूर छापू नये, एवढे मला कळते. वाचकहो, यंदा वहीपूजनापूर्वी सर्व्हरवाल्याला विचाराच, “आवृत्ती कोणती?”