पडद्याआडचा ब्रिज

मेंढीकोट खेळताना जोडीदाराला डोळा मारणं आपल्याकडे गमतीत खपून जातं. ब्रिजच्या स्पर्धेत मात्र जोडीदाराशी ठरवून केलेली खूण हा नियमपुस्तकातला सर्वांत गंभीर गुन्हा! तिथे बोलता येतं ते फक्त बोलीतून आणि पत्त्यांतून, आणि त्या बोलीचा अर्थ प्रतिस्पर्ध्यालाही सांगावा लागतो.

१९७५च्या बर्म्युडा बाउल या जागतिक स्पर्धेपासून टेबलावर तिरका पडदा आला. जोडीदार दिसतच नाही. बोलीची कार्डं ट्रेवर ठेवून पडद्याखालून सरकवतात. पण १९७५च्या त्याच स्पर्धेत एक इटालियन जोडी टेबलाखाली पायाने खुणा करताना सापडली. मग टेबलाखाली आडोसा म्हणून छोटी टेबलं ठेवली गेली! शिक्षा? फक्त कडक ताकीद, आणि इटली जिंकली. मला विचाराल तर हा निकाल लाजिरवाणा होता.

२०१५मध्ये नॉर्वेच्या बोये ब्रोगेलँड यांनी इस्राएलच्या फिशर-श्वार्त्झ जोडीवर फसवणुकीचा उघड आरोप केला. खेळाडूंनी चित्रफिती पुन्हापुन्हा पाहिल्या, तेव्हा उलगडा झाला: पत्त्यांचं खोकं टेबलावर कुठे ठेवलं जातं, यावरून जोडीदाराला कोणता रंग खेळायचा ते कळत होतं. पडदा तसाच, खूण मात्र सर्वांसमोर.



ब्रोगेलँड त्या जोडीबरोबर एकाच संघात खेळले होते. त्या काळात मिळवलेली विजेतेपदं त्यांनी सोडून दिली.