माहितीपटातील ‘आम्ही’ आणि ‘आपण’

‘रिप्रेझेंटेशन’ या एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत दोन शब्द वापरावे लागतात : ‘चित्रण’ आणि ‘प्रतिनिधित्व’. चित्रकार चित्रण करतो. निवडून आलेला सदस्य प्रतिनिधित्व करतो. माहितीपटात या दोन्ही क्रिया एकदमच घडतात. पडद्यावरील व्यक्ती स्वतःपुरती बोलत असते. प्रेक्षक मात्र तिला तिच्या साऱ्या समाजाची प्रतिनिधी समजून मोकळा होतो. विषय धार्मिक राष्ट्रवादाचा असेल, तर ही गल्लत महागात पडते.

मुंबईचे माहितीपटकार आनंद पटवर्धन यांचा ‘राम के नाम’ (१९९२) या दृष्टीने अभ्यासावा. १९९० ची रथयात्रा आणि त्या वर्षी ३० ऑक्टोबरला अयोध्येत झालेली कारसेवा हा त्याचा विषय. बाबरी मशीद पाडली जाण्यापूर्वीच तो पूर्ण झाला होता. आंदोलनाचे समर्थक आणि मुसलमान अशा दोनच बाजू दाखवून हा माहितीपट थांबला असता, तर समस्त हिंदूंच्या वतीने बोलण्याचा आंदोलनाचा दावा त्यानेही नकळत मान्य केला असता. येथे कॅमेरा परिसरातील दलित श्रमिकांकडे जातो, तसाच न्यायालयाने नेमलेले रामजन्मभूमीचे पुजारी लालदास यांच्याकडेही जातो. लालदास आंदोलनामागील राजकारणावर उघड टीका करतात. ती मुलाखत पाहिल्यावर ‘हिंदूंचे म्हणणे असे की...’ अशी वाक्यरचना करताना अभ्यासकाची जीभ अडखळावी. नोव्हेंबर १९९३ मध्ये लालदास यांची हत्या झाली.

आता एक आक्षेप. रामाचा जन्म कोणत्या साली झाला, असे कारसेवकांना विचारले जाते आणि त्यांना उत्तर देता येत नाही. प्रेक्षक हसतो. परंतु हा परीक्षेतला प्रश्न आहे; श्रद्धेची भाषा बोलणाऱ्याला तो इतिहासाच्या भाषेत विचारला आहे. आंदोलन स्वतःच ऐतिहासिक पुराव्याचा दावा करीत होते, म्हणून मला तो समर्थनीय वाटतो. तरीही त्यातून कारसेवकांचे अज्ञान जेवढे दिसते, तेवढी त्यांची प्रेरणा दिसत नाही.

यापुढचा मुद्दा सर्वनामाचा. हिंदी ‘हम’मध्ये श्रोता धरला आहे की वगळला आहे, हे रूपावरून कळत नाही. मराठीत ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते आणि ‘आपण’ त्याला सामावून घेते. घोषणेतील ‘हम’ मराठीत आणू पाहणाऱ्याला म्हणूनच निवड करावी लागते, आणि ती निवड करताच कोणाला बाहेर ठेवले आहे हे उघड होते.

मुलाखतीची भाषादेखील प्रतिनिधी निवडते. लुई थेरू यांच्या बीबीसीवरील ‘द सेटलर्स’ (२०२५) या माहितीपटात वेस्ट बँकमधील इस्रायली वसाहतवाले प्रामुख्याने इंग्रजीत बोलतात. त्यांपैकी काही मूळचे अमेरिकन आहेत. स्वस्त घरासाठी आणि सरकारी सवलतींसाठी तेथे राहायला गेलेली कुटुंबेही आहेत. मात्र वैचारिक आग्रह आणि अस्खलित इंग्रजी ज्यांच्यापाशी आहे, त्यांनाच पडदा अधिक मिळतो. पॅलेस्टिनी बाजूनेही इंग्रजी जाणणाऱ्याचाच आवाज आपल्यापर्यंत सहज पोहोचतो.

स्वाध्याय : गिरगावातील गुढीपाडव्याच्या शोभायात्रेचे कोणतेही एक वार्तांकन पाहा. ध्वनिक्षेपक कोणापुढे धरला जातो, ढोलवादक, पोलीस, सफाई कामगार आणि गॅलरीतून पाहणारे रहिवासी यांपैकी कोण केवळ दिसतात, याची नोंद करा. निवेदनातील प्रत्येक ‘आपण’ अधोरेखित करून त्यात कोण कोण येतात ते लिहा.